पिशवी फाडा, मुळे धुवा, मगच पेरूची रोपे घ्या

मृगाच्या पावसावर पेरू लावायचा म्हणून पुरंदर, दौंड, इंदापूरकडे खड्डे घेऊन झाले असतील. आता रोपे आणायला जाल तेव्हा पानांच्या चकाकीवर भुलू नका. सोबत बादली न्या. पाच-सहा रोपांच्या पिशव्या फाडा, त्यांचे पैसे द्यावे लागले तरी द्या, आणि मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवा. माळेत मणी ओवावेत तशा गाठी दिसल्या, तर त्या लॉटमधले एकही रोप घेऊ नका. फुकट मिळाले तरी नको.

या गाठी सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत घुसणाऱ्या धाग्यासारख्या बारीक कृमींच्या (निमॅटोडच्या). गाठ नखाने चिरून पाहा. आत टाचणीच्या डोक्याएवढा, मोत्यासारखा पांढरा ठिपका दिसतो, ती मादी. एकेक मादी शेकडो अंडी घालते आणि उबदार, ओल्या जमिनीत महिनाभरात पुढची पिढी तयार होते. पेरूवरची मेलॉयडोगायनी एन्टरोलोबी ही जात फारच चिवट. टोमॅटोच्या सूत्रकृमी-प्रतिकारक वाणांनाही ती जुमानत नाही. ती एकदा बागेत शिरली की पुरती निघत नाही, म्हणून मी रोपांवरच इतका अडून बसतो.

कृमी लागलेल्या उभ्या बागेत झाडे दुपारी माना टाकतात, संध्याकाळी सावरतात, पाने पिवळी पडतात. आपण पाणी आणि खत वाढवत राहतो. त्याऐवजी ड्रीपरजवळची वीतभर माती उकरून तंतुमुळे पाहा. अंजीर आणि डाळिंबवाल्यांनीही पाहावे.

गाठी सापडल्या तर झाडाच्या वयाप्रमाणे १ ते २ किलो निंबोळी पेंड आळ्यात मिसळा. ट्रायकोडर्मा किंवा पॅसिलोमायसिस या मित्रबुरशीची पावडर २ किलो घेऊन १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओलसर ठेवून पंधरा दिवसांनी वापरा. त्यानंतर लगेच बुरशीनाशकाची आळवणी करू नका, मित्रबुरशी सोडल्याचा उपयोगच राहत नाही. झाडांच्या दोन ओळींच्या मधे झेंडू लावा. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी मात्र आंतरपीक म्हणून नको, तिथे कृमी पोसले जातात. रासायनिक औषध लेबलवर तुमच्या पिकाचे नाव असेल तरच वापरा. फोरेटवर २०२० अखेरपासून बंदी आहे, कोणाकडे जुनी पिशवी उरली असली तरी हात लावू नका.

घरीच रोपे करणाऱ्यांनी माती-खताचे मिश्रण ओले करून त्यावर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद चार ते सहा आठवडे उन्हात घट्ट दाबून ठेवावा. काळा कागद तेवढा तापत नाही.

शंका असेल तर तपासणी करून घ्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम चालते. आठ-दहा झाडांखालची, १५ ते २० सेंटिमीटर खोलीची ओलसर माती तंतुमुळांसह एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. ही पिशवी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. कृमी वाटेतच मेले तर अहवाल स्वच्छ येतो आणि बाग आतून पोखरत राहते.