गोडी छाटणीआधी शेडमधला जुना छोटा ट्रॅक्टर तपासा

सप्टेंबर सरायला लागला की निफाड-दिंडोरीपासून तासगावपर्यंत द्राक्ष बागायतदार गोडी छाटणीच्या, म्हणजे घडांसाठी घेतल्या जाणाऱ्या छाटणीच्या, तारखा धरतात. मजूर ठरतात, डोळे फुटण्यासाठी लावायची पेस्ट येते, औषधांची यादी होते. पंधरा-वीस वर्षांचा छोटा ट्रॅक्टर मात्र ब्लोअर (हवेच्या झोताने फवारणारं यंत्र) जोडायची वेळ आली की मगच आठवतो. पोंगा (कोवळा कोंब) फुटलेला असताना परतीचा पाऊस आला, तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी एक दिवसही पुढे ढकलता येत नाही. त्या सकाळी इंजिन उठलं नाही तर मार घडांना बसतो. म्हणून छाटणीच्या निदान पंधरा दिवस आधी या कामाला हात घाला.

९-१० फुटांच्या ओळीत, मांडवाखालून जाणारे १८.५ हॉर्सपॉवरचे तीन सिलिंडरचे मित्सुबिशी शक्ती आणि त्यांच्यासारखे छोटे ट्रॅक्टर आजही कितीतरी बागांत राबतात. ही इंजिनं पूर्ण यांत्रिक आहेत. डिझेल, हवा आणि ऑईल स्वच्छ मिळालं तर ती दमदार चालतात, आणि गावातला फिटरही ती खोलू शकतो. एवढं चांगलं यंत्र भंगारात जाऊ नये असं मनापासून वाटतं. त्यांचं नुकसान कामापेक्षा पावसाळ्यात उभं राहिल्यानेच जास्त होतं.

महिनाभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला आल्या आल्या सेल्फ (स्टार्टर) मारू नका. आधी गेज पट्टी काढून ऑईल बघा. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. पट्टीवर काही दिसलं नाही तरी थंड इंजिनाचा तळातला ड्रेन बोल्ट किंचित सैल करा. पाणी जड, ते ऑईलच्या खाली बसतं, त्यामुळे असलं तर आधी तेच ठिबकतं. पाणी निघालं तर ते सायलेन्सरमधून उतरलं, हेड गॅस्केटमधून आलं की दुसरीकडून, हे मिस्त्रीकडून शोधून घेतल्याशिवाय इंजिन चालवू नका. पाणी नसलं तरी पावसाळ्यानंतर ऑईल आणि फिल्टर बदलाच, तास भरलेले नसले तरी. जुन्या ऑईलमधली ओल आणि आम्ल बेअरिंगला खात राहतात.

एअर क्लीनर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पावसाळ्यात त्याच्या तोंडाशी कुंभारमाशी मातीचं घर बांधते, उंदीर आत चिंध्या कोंबतात. त्याची ऑईलची वाटी काढा, तळाचा गाळ खरवडा, जाळी डिझेलने धुऊन पूर्ण निथळू द्या. नवं ऑईल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते हवेबरोबर ओढतं. मग वेग आपोआप वाढत जातो आणि बंद करूनही इंजिन थांबत नाही.

आता डिझेल. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर राहिली की आतल्या पत्र्यावर दव धरतं आणि पाणी तळाला साठतं. टाकीखालचा बोल्ट उघडून पहिलं लिटरभर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या, थोडा वेळ ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा आणि डिझेल फिल्टर नवा घाला. पाण्याने डिझेल पंपाचं एलिमेंट (आतला दट्ट्या) आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल गंजतात, तो खर्च फिल्टरच्या कितीतरी पट आहे. फिल्टर बदलल्यावर एअर काढावी लागते. टाकीचा कॉक उघडा, फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा, फीडपंपाचा हातदांडा मारत राहा. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की स्क्रू आवळा. मग डिझेल पंपावरच्या स्क्रूला हेच करा. तरीही सुरू झालं नाही तर नोझलच्या पायपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा. नोझलच्या तोंडापुढे बोट कधीही धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं, तसं झालं तर जखम बारीक दिसली तरी तडक दवाखाना गाठा.

क्लच दाबूनही गिअर कडकड करतो? दमट हवेत प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल. गिअर न्यूट्रल ठेवून पेडल दाबा, लाकडी ठोकळ्याने अडकवा आणि इंजिन अर्धा तास गरम होऊ द्या. बऱ्याचदा प्लेट सुटते. गिअरमध्ये टाकून झटका देण्याचा प्रकार जीवघेणा आहे. पुढच्या पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा करतानाच पेडल दाबून ठोकळा लावून ठेवा.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांखाली उतरतो, त्यामुळे ग्लो प्लग (थंडीत सुरू होण्यासाठी इंजिन आतून तापवणारे प्लग) असलेल्या इंजिनांचे प्लग आताच तपासून ठेवा.

ट्रॅक्टर सुरू झाला म्हणजे तयार झाला असं नाही. ब्लोअर जोडून, टाकीत साधं पाणी भरून एक फेरी मारा. पीटीओचे (ब्लोअर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचे) मिनिटाला ५४० फेरे टिकले नाहीत तर हवा कमी पडते आणि पानाच्या खालची बाजू कोरडी राहते, डाऊनीची बुरशी तर तिथेच उगवते. लोड आल्यावर काळा धूर निघत असेल तर एअर क्लीनर किंवा नोझल, गरम झाल्यावरही निळा धूर असेल तर ऑईल जळतंय. पीटीओ आणि ब्लोअर जोडणाऱ्या जॉइंट शाफ्टवर गार्ड नसेल तर तो बसवेपर्यंत ब्लोअर चालवू नका.

जुन्या मॉडेलचे भाग मिळत नाहीत ही तक्रार अर्धीच खरी आहे. बेअरिंगच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो. ६२०५ म्हणजे आतून २५, बाहेरून ५२, जाडी १५ मिलिमीटर, कुठल्याही चांगल्या बेअरिंगच्या दुकानात मिळतं. ऑईल सीलवरही असेच तीन आकडे असतात. जुना भाग फेकू नका, नमुना म्हणून दुकानात न्या. डिझेल पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला (दाब-माप जुळवून घ्यायला) द्यायचे असतील तर याच आठवड्यात द्या, छाटण्या सुरू झाल्या की पंपवाल्याकडे रांग लागते.