नाकाचा स्मिअर: शेंबडात काय बघायचं

पेशंट खुर्चीत बसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: नाकात स्टिरॉइडचा स्प्रे मारता का? हो म्हणाला तर फॉर्मवर लिहून ठेवा. स्प्रेमुळे इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी दिसतात.

नाक हलकेच शिंकरायला सांगा. नुसता ओघळलेला शेंबूड फारसा कामाचा नाही. नाकात बाहेरच्या भिंतीला खाली जो लांबट फुगवटा दिसतो, त्याच्या मधल्या भागावरून स्वॅब फिरवा. डोळ्यांत पाणी येतंच, आधी सांगितलेलं बरं. स्वॅब काचेवर लोळवा, हाच स्मिअर. घासलात तर पेशी फुटतात. मग हवेत वाळू द्या.

लिशमन (पेशी रंगवायचा रंग) २ मिनिटं, त्यावर दुप्पट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) टाकून ८-१० मिनिटं. धुऊन, वाळवून मायक्रोस्कोपच्या तेलाच्या लेन्सखाली निदान ५० फील्ड (लेन्समधून एका वेळी दिसणारा भाग) बघा. कंटाळवाणं आहे, पण पाच-दहा फील्डवर रिपोर्ट देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

इओसिनोफिल लगेच ओळखू येतो: दोन पाकळ्यांचं केंद्रक, भोवती नारिंगी-लाल दाणे गच्च. ते भरपूर असले तर ॲलर्जीचा संशय. पण ॲलर्जीच्या टेस्ट निगेटिव्ह असलेल्या काही पेशंटमध्येही ते सापडतात. म्हणून रिपोर्टात ‘ॲलर्जी’ न लिहिता टक्केवारी द्या. न्यूट्रोफिलांची (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची) गर्दी आणि त्यांच्या पोटात जंतू दिसले, तर इन्फेक्शनकडे बोट.