नखावरची खाच पुढे सरकते का, ते आधी पाहा

नखावरून बोट फिरवलं आणि खरखर लागली की घरोघरी पहिला शब्द निघतो तो कॅल्शियम. गोळ्या सुरू होतात, रेषा तिथेच राहतात. नख बनतं केराटिन या प्रथिनाचं. त्यात कॅल्शियम नाममात्र असतं आणि नखाचा कडकपणाही त्याच्यावर ठरत नाही. म्हणून गोळीच्या आधी कंपासपेटीतली पट्टी शोधा, मिलिमीटरच्या खुणा असलेली.

नेलपॉलिश पूर्ण काढा. मेंदीचा रंग नखावर चढला असेल तर तो उतरेपर्यंत रंगावरून काहीच ठरवू नका. खिडकीशी बसा, उजेड बाजूने येऊ द्या आणि हात हळूहळू तिरपा करा. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटखाली उथळ खाच दिसत नाही. मग दुसऱ्या हाताच्या नखाचं टोक त्यावरून आडवं आणि उभं फिरवा. डोळ्याला रेष दिसते पण नखाला अडत नाही, तर तो नुसता रंगाचा पट्टा आहे, खाच नाही.

उभ्या रेषा, म्हणजे मुळापासून टोकाकडे जाणाऱ्या, बारीक आणि बहुतेक सगळ्या नखांवर सारख्या असतील तर वयाचा भाग समजा. नख तयार होतं ते मुळाशी, कातडीखाली. अंगठ्यावरची पांढुरकी चंद्रकोर हा त्याच जागेचा बाहेर दिसणारा तुकडा. वयाबरोबर तिथला थर एकसारखा पडत नाही आणि कंगोरे उठतात. ते घासून सपाट करायचा मोह होतो, पण हाताचं नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. नख घासायच्या बफरची सर्वांत मऊ बाजू, एकाच दिशेने चार-पाच हात, महिन्यातून एकदा, एवढंच. त्याहून जास्त घासलं तर नख पातळ होऊन टोकाला फाटतं, आणि मुळातून नवा कंगोरा येतोच.

आडवी खाच जास्त बोलकी. तिला बो रेषा म्हणतात. फ्रेंच डॉक्टर बो यांनी १८४६ मध्ये तिचं वर्णन केलं. जोराचा ताप, मोठं ऑपरेशन, केमोथेरपी अशा वेळी नखाची वाढ काही दिवस मंदावते किंवा थांबते आणि तेवढा भाग पातळ राहतो. अनेक नखांवर साधारण एकाच उंचीवर खाच असेल तर कारण अख्ख्या शरीराचं. एकाच नखावर असेल तर बहुधा दाराच्या फटीत सापडलेलं बोट.

आता हिशेब. हाताचं नख महिन्याला सुमारे ३ मिमी वाढतं, पायाचं १ ते दीड. कातडीच्या कडेपासून खाचेपर्यंतचं अंतर मोजा, त्याला ३ ने भागा आणि खाच कातडीखालून बाहेर यायला लागलेला साधारण एक महिना मिळवा. समजा जानेवारीच्या सुरुवातीला अंतर ९ मिमी भरलं. तीन अधिक एक, चार महिने. म्हणजे सप्टेंबरची सुरुवात. पोळा-मारबतीच्या दिवसांत डेंग्यूने अंथरूण धरलं होतं का, ते आठवा. पंधरा-वीस दिवस इकडेतिकडे होणारच: मधल्या बोटाचं नख जलद वाढतं, करंगळीचं सावकाश, आणि म्हाताऱ्या माणसाचं सगळंच हळू. लहान मुलांना हात-पाय-तोंडाच्या आजारानंतर महिना-दोन महिन्यांनी नख मुळापासून सुटतं. आईबाप घाबरतात, पण नवं नख येतं. ओढून काढू नका, वरून बँडेजची पट्टी गुंडाळा.

फोटो काढून तारीख लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा मोजा. खाच ३ मिमी पुढे गेली असेल तर ती वाढीबरोबर बाहेर पडते आहे, सहाएक महिन्यांत कापली जाईल. औषध लागत नाही. मागून नव्या खाचा येतच असतील तर कारण अजून चालू आहे. अंगठ्याच्या मधोमध धुणं घासायच्या पाटीसारख्या एकाखाली एक आडव्या खाचा दिसल्या, तर तर्जनीने मुळाची कातडी मागे ढकलायची सवय शोधा. माणसाला स्वतःला ती कळत नाही, घरच्यांना विचारा. उपाय स्वस्त आहे: नखाच्या मुळावर मायक्रोपोर टेप, काही महिने, सलग.

नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांची कोरडी हवा आणि दिवसातून दहा वेळा भांडी-धुण्याचं पाणी, अशी ओलं-सुकं होणारी नखं थर सुटून फाटतात. रबरी हातमोजे घाला. हात टिपले की ओल असतानाच मुळाशी व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळा.

काही नखं मात्र थेट त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीतही चालेल. नख पातळ होऊन मुळाची कातडी त्यावर पुढे चिकटत असेल तर थांबू नका. तो लायकेन प्लानस हा त्वचा-नखांचा दाहाचा आजार असू शकतो आणि एकदा झालेला व्रण भरून येत नाही. एकाच नखात उभी खोल पन्हाळ आणि मुळाशी मऊ गाठ असेल, टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील, किंवा एकाच नखावर नवा काळा पट्टा रुंद होत शेजारच्या कातडीवर उतरत असेल, तरीही जा. बुरशी वाटली तर गोळ्यांचा लांब कोर्स घेण्याआधी कापलेलं नख तपासून घ्या.

नखावर पाण्याचा थेंब वाटीत बसावा तसा थांबला, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, त्याची तपासणीही सोबतच करा. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. आणि केस-नखांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तपासणीला रक्त देण्याआधी लॅबला सांगा, थायरॉइडचे आकडे त्याने चुकतात.