फसवणूक 'पाहताच कळते' या भरवशावर राहू नका: संगणक सुरक्षेतील या चुका टाळा

नाशिकमधील सातपूर आणि अंबड येथील लहान कारखान्यांचे आणि दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातील द्राक्ष निर्यातदारांचे संगणक सांभाळताना एक वाक्य मला वारंवार ऐकावे लागते: "खोटा मेल असला तर आम्हाला लगेच कळतो." काही वर्षांपूर्वी या म्हणण्यात तथ्य होते. बँकेच्या नावाने आलेल्या संदेशातील मराठी हास्यास्पद असे, इंग्रजीत ढोबळ चुका असत आणि फोनवरचा माणूस पढवलेली वाक्ये म्हणत असे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी या खुणा पुसून टाकल्या आहेत. आज निर्दोष मराठी पत्र कोणालाही काही सेकंदांत लिहून मिळते, त्यामुळे मजकूर किती व्यवस्थित आहे यावरून त्याचा खरेपणा ठरवणे ही माझ्या मते सध्याची सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

बदललेला खाते क्रमांक मेलवरच मान्य करणे

दिंडोरी तालुक्यातील एका निर्यातदाराच्या अकाउंटंटचा मेलचा पासवर्ड ऐन हंगामात चोरीला गेला होता, आणि चोराने काही न बिघडवता त्या मेलबॉक्समध्ये फक्त एक नियम लावून ठेवला होता: ज्या मेलमध्ये 'इनव्हॉइस' किंवा 'पेमेंट' हा शब्द असेल, त्याची प्रत बाहेरच्या पत्त्यावर जावी. पुढे तो नुसता वाचत राहिला. कंटेनर न्हावाशेवाहून रवाना झाले आणि पैसे येण्याची वेळ जवळ आली, तेव्हा युरोपातील खरेदीदाराला मेल गेला की, लेखापरीक्षणामुळे आमचे नेहमीचे खाते तूर्त वापरात नाही, रक्कम सोबतच्या नव्या खात्यावर पाठवावी. अकाउंटंटची अभिवादनाची पद्धत, कंटेनर क्रमांक लिहिण्याची ढब, इतकेच काय, आधीच्या मेलमधील हवामानाची चौकशीसुद्धा त्यात होती. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात मात्र 'एम' या अक्षराच्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे शेजारी शेजारी बसवलेली होती, जी इंग्रजीच्या लहान अक्षरांत डोळ्यांना एकच दिसतात. खरेदीदाराने पैसे पाठवून दिले.

खरा संताप मला यानंतरच्या गोष्टीचा येतो. प्रकार उघडकीस आल्यावर कार्यालयाने पासवर्ड बदलला आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तो नियम तसाच राहिल्यामुळे पैसे परत मिळवण्यासाठी खरेदीदाराशी चाललेला पत्रव्यवहारही चोराच्या हाती पडत होता. मेल खाते फुटल्यावर मी आधी स्वच्छ संगणकावर बसून पासवर्ड बदलतो, मग सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढतो, फॉरवर्डिंग आणि फिल्टरच्या सेटिंग एक एक करून पाहतो, खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक आणि पर्यायी पत्ता आपलेच आहेत का हे तपासतो आणि शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी, सुरू करतो. हे कंटाळवाणे काम आहे. ते अर्ध्यावर सोडणाऱ्या नवशिक्या तंत्रज्ञांशी माझे नेहमी वाजते.

खाते क्रमांक बदलल्याचे कोणीही कळवले, तर जुन्या करारावर छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. आलेल्या मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर कधीही करू नये. "तेवढा वेळ कोणाला आहे?" असे विचारणाऱ्या मालकांना मी उत्तर देणे आता सोडून दिले आहे.

ओळखीचा आवाज म्हणजे ओळखीचा माणूस समजणे

अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील कर्मचाऱ्याने २०२४ मध्ये सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर फसवणूक करणाऱ्यांच्या खात्यांत भरले. त्याला सुरुवातीच्या मेलचा संशय आला होता. परंतु नंतरच्या व्हिडिओ बैठकीत वरिष्ठ आणि सहकारी प्रत्यक्ष 'दिसल्यामुळे' तो संशय मावळला. ते सर्व चेहरे बनावट होते. आवाजाचे तर त्याहून सोपे झाले आहे: केवळ तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करू शकणारे संशोधन मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्येच मांडले होते, आणि लग्नकार्यातल्या रीलमधून तेवढा नमुना प्रत्येक घराने स्वतःहून जगाला दिलेला असतो.

म्हणून पुण्यात शिकणाऱ्या मुलाच्या आवाजात "अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा" असा फोन आला, तर तो कापावा आणि मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावावा. बनावट व्हिडिओ ओळखून देणारी ॲप मी कोणाच्याही फोनमध्ये टाकत नाही, कारण ती चुकतात आणि माणूस मात्र निर्धास्त होतो. घरातला सांकेतिक शब्द ही कल्पना चांगली आहे, पण घाबरलेल्या आईला तो त्या क्षणी विचारायचे सुचेल, यावर माझा फारसा विश्वास नाही.

या सगळ्याचा समाजावर होणारा परिणाम पैशांच्या नुकसानीपुरता नाही. बँकेचा खरा फोनही आता कापला जातो, अडचणीचा खरा व्हिडिओ 'एआयने बनवलेला' म्हणून झटकता येतो, आणि धास्तावलेले ज्येष्ठ नागरिक यूपीआयचा पिन नातवाला किंवा शेजाऱ्याला सांगून मोकळे होतात, म्हणजे एक धोका टाळण्यासाठी दुसरा घरात घेतात.

'डिजिटल अटक', म्हणजे पोलीस असल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर माणसाला अडकवून ठेवणे, अशी कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवरचा गणवेश पाहून बसून राहू नये. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन 'एपीके' (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल असेल, तर ती उघडू नये, मग पाठवणारा सख्खा मामा का असेना, कारण बहुधा त्याचाच फोन आधी ताब्यात गेलेला असतो. २०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी खोल्यांचे आगाऊ आरक्षण करताना जाहिरातीतल्या दुव्यावर पैसे भरू नयेत.

बॅकअपची डिस्क संगणकालाच जोडून ठेवणे

फाइली अडकवून खंडणी मागणारे रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करते, हे सांगून मी थकलो आहे. मे २०१७ मधील वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या हल्ल्यापूर्वी दोन महिने मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिलेली होती, तरी ती न बसवलेले संगणक जगभर बंद पडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा ठप्प केल्या आणि जेएनपीटी, म्हणजे न्हावाशेवा बंदरातील टर्मिनलचे कामही अडले. विंडोज १० ला मिळणारी सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, पण "मशीन चालतंय ना" हे उत्तर अजून संपलेले नाही. मी दोन डिस्क आलटून पालटून वापरतो, त्यांतली एक मालकाच्या घरी असते, आणि अधूनमधून जुने एखादे बिल तिच्यातून उघडून पाहतो.

शॉर्टकटची हौस

क्रॅक केलेले डिझाइन सॉफ्टवेअर बसवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करणारा मुलगा दाराला कुलूप लावून किल्ली चोराच्या हातात देतो. कार्यालयातील दरपत्रके, ग्राहकांच्या याद्या आणि ड्रॉइंग चॅटबॉटमध्ये चिकटवणारेही त्याच जातकुळीचे. सॅमसंगच्या अभियंत्यांनी २०२३ मध्ये अंतर्गत सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना अशी, की चॅटबॉट कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचे (तयार कोडच्या संचाचे) नाव सुचवतो आणि त्याच नावाचे घातक पॅकेज कोणी टाकून ठेवलेले असू शकते; त्यामुळे ते कोणाचे आहे हे पाहिल्याशिवाय बसवू नये.

तक्रारीला उशीर करणे

पैसे गेल्यावर लोक आधी नातेवाइकांना विचारतात, मग बँकेची शाखा उघडण्याची वाट पाहतात, तोवर रक्कम अनेक खात्यांतून पुढे सरकलेली असते. त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करावा, आपल्या बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा यूटीआर (ओळख) क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक हाताशी ठेवावा. हा तपशील ज्या चॅटमध्ये आहे, ती चॅट लाजेपोटी किंवा रागाने खोडू नये.