ब्रिटनची उन्हाळी सहल: उजेड रात्री नऊपर्यंत, दारं मात्र पाचला बंद! या चुका टाळा

जूनच्या शेवटी लंडनमध्ये सूर्य मावळतो सव्वानऊच्या पुढे, एडिंबरात तर रात्री दहाला. आपल्याकडून आलेल्या पाहुण्यांचं गणित नेमकं इथेच चुकतं. सकाळी निवांत चहा, पोहे, सगळ्यांच्या आंघोळी, अकराला घराबाहेर, मग ‘अजून भरपूर उजेड आहे’ म्हणत दुपारी चारच्या पुढे टॉवर ऑफ लंडनच्या दारात. तोवर आत सोडणं थांबलेलं असतं. ‘पाच-साडेपाचला बंद’ असं वाचलं की आपण पाचला पोहोचायच्या हिशोबाने निघतो. पण इथे शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या बराच आधी असतो. स्टोनहेंजला (प्राचीन उभ्या दगडांच्या वर्तुळाला) तर चक्क दोन तास आधी. सहलीचा दिवस आखताना सूर्याकडे बघूच नका, शेवटच्या प्रवेशाची वेळ बघा. खाली सांगितलेल्या निम्म्या घोटाळ्यांचं मूळ याच एका गोष्टीत आहे.

तिकीट लागणारं, दारं बंद होणारं जे काही असेल ते सकाळी. ज्याला दार नाही ते संध्याकाळी: थेम्सच्या दक्षिण काठावरची पायवाट, हाइड पार्क, पूल, चौक, जुन्या गल्ल्या. शुक्रवार मात्र वेगळा ठेवा. त्या दिवशी ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (इथे सगळे त्याला ‘व्ही अँड ए’च म्हणतात) दहापर्यंत उघडं असतं. शुक्रवारी रात्री सातला त्या दालनांत जी शांतता मिळते ती शनिवारी दुपारी मागूनही मिळत नाही.

रविवारचं आणखी एक. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स कॅथीड्रल ही मोठी चर्चेस रविवारी पर्यटकांना बंद, फक्त प्रार्थनेसाठी उघडी. इंग्लंडमधली मोठी दुकानंही रविवारी सहाच तास चालतात. म्हणून ‘रविवारी ॲबी आणि मग शॉपिंग’ हा बेत दोन्हीकडून फसतो. उलट ॲबीत बहुतेक दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास ईव्हनसाँग नावाची गायनप्रार्थना असते. तिला तिकीट नाही, कुठल्याही धर्माच्या माणसाने जावं. फक्त ती प्रार्थना आहे हे लक्षात ठेवून फोन खिशात ठेवायचा आणि मध्येच उठून हिंडायचं नाही.

‘तिथे गेल्यावर बघू’

हे वाक्य महाबळेश्वरला चालतं. इथे उन्हाळ्यात बहुतेक मोठ्या ठिकाणांची तिकिटं ठरावीक वेळेची असतात आणि आधीच संपतात. फुकट असलेल्या ठिकाणांचीही तीच गत. ब्रिटिश म्युझियमला पैसे नाहीत, पण वेळेचं फुकट तिकीट आधी काढून ठेवलं तर रांग टळते. स्काय गार्डनची (लंडनमधल्या उंच इमारतीच्या माथ्यावरच्या बागेची) फुकट तिकिटं साधारण तीन आठवडे आधी खुली होतात आणि भराभर उडतात.

आणखी एक गोष्ट तिकीट काढताना दिसते आणि लोक घाईत पुढे जातात. बऱ्याच वारसास्थळांच्या पानावर दोन किमती असतात, एक देणगीसह आणि एक साधी. देणगीवाली बहुधा वर असते. द्यायची असेल तर आनंदाने द्या, पण ती सक्तीची नाही. त्याच पानावर ‘गिफ्ट एड’चा (करदात्याच्या देणगीवर सरकारकडून संस्थेला जादा रक्कम मिळण्याच्या योजनेचा) चौकोन असतो. तो ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्यांसाठी आहे. आपण पाहुणे, आपण त्यावर खूण करायची नाही.

बकिंगहॅम पॅलेसची राजेशाही दालनं मुख्यतः जुलै ते सप्टेंबरच पाहता येतात. मे महिन्यात येणाऱ्यांनी फाटकापाशी पहाऱ्याची अदलाबदल बघावी, तीही रोज नसते. बहुतेक सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी अकराला होते, आणि पाऊस जोराचा असेल तर रद्द.

तिकिटं संपलीच असतील तर? हताश होऊन तिप्पट दराने दलालाकडून घेऊ नका. थेम्सकाठचं शेक्सपिअर ग्लोब बघा. १९९७ साली उघडलेलं हे जुन्या धाटणीचं, वरून उघडं नाट्यगृह. रंगमंचासमोरच्या अंगणात उभं राहून नाटक बघायची तिकिटं ५-१० पौंडांपासून मिळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत चांगली. लवकर गेलात तर थेट रंगमंचाच्या कडेला कोपरं टेकता येतात, नट तुमच्या डोक्याजवळून तलवार फिरवत जातो. पण इथेही नेहमीच्या चुका आहेतच. अंगणात बसायला मनाई आहे, दोन-अडीच तास उभंच राहायचं. छत्री उघडता येत नाही, मागच्यांना दिसत नाही म्हणून. पाऊस आला तर रेनकोट. पाठदुखीवाल्या आजोबांना इथे आणू नका, त्यांच्यासाठी वरच्या बाकांचं तिकीट काढा आणि गादी भाड्याने घ्या, बाक लाकडी आहेत.

रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या प्रॉम्स या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफिलींचंही तसंच. १८९५ पासून चालत आलेला हा महोत्सव जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असतो. खुर्च्यांची तिकिटं संपलेली दिसली तरी उभं राहायची स्वस्त तिकिटं त्याच दिवशी सकाळी विक्रीला येतात, ८ पौंडांच्या आसपास. सवाई गंधर्वला भारतीय बैठकीत मांडी घालून रात्र काढणाऱ्या माणसाला हे सहज जमेल.

कुठला आठवडा?

महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. इंग्लंडमधल्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटी सुरू होते, स्कॉटलंडमधली जूनअखेरीलाच. म्हणजे आपली मुलं मोकळी असतात तेव्हा इथली शाळेत असतात. हा केवढा मोठा फायदा आहे! फक्त मेचा शेवटचा आठवडा टाळा. तेव्हा इथे शाळांना आठवडाभराची मधली सुट्टी असते, सोमवारी बँक हॉलिडे म्हणजे सार्वजनिक सुट्टी, आणि प्रत्येक किल्ल्यावर मुलांचा गोंगाट.

मे-जूनला एक खोट आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये तेव्हा परीक्षा चालू असतात आणि बरीच कॉलेजं पाहुण्यांना दार बंद करतात. गाडीने दोन तास प्रवास करून बाहेरच्या भिंतीचे फोटो काढून परतायचं नसेल तर नेमकं कोणतं कॉलेज कोणत्या दिवशी उघडं आहे ते त्या कॉलेजच्या पानावर बघूनच निघा.

ऑगस्टमध्ये एडिंबरा म्हणजे वेगळंच प्रकरण. १९४७ पासूनचा फ्रिंज हा नाटक-विनोदी प्रयोगांचा महोत्सव, किल्ल्यासमोरचं लष्करी टॅटू (बँड आणि संचलनाचा सोहळा), चौकाचौकात जादूगार आणि विदूषक. त्यासाठीच जायचं असेल तर जरूर जा. पण ‘किल्ला बघू, थोडं शांत फिरू’ म्हणून ऑगस्टमध्ये जाणारे लोक हॉटेलचे दर बघून घेरी येऊन पडतात. महोत्सवाशी घेणंदेणं नसेल तर मे किंवा जूनमध्ये जा. आणि फ्रिंजलाच गेलात तर दिवसाला पाच प्रयोग ठरवून धावपळ करू नका. दोन ठरवा, तिसरा रस्त्यात पत्रक वाटणारा कलाकार जो सांगेल तो.

२१ जूनच्या आसपास स्टोनहेंजची नेहमीची व्यवस्था बदललेली असते. त्या पहाटे हजारो लोक दगडांपाशी सूर्योदय बघायला जमतात. एरवी दगडांभोवती दोरी असते, आत जाता येत नाही, हे कळल्यावर बऱ्याच जणांची निराशा होते. आधी माहीत असलेलं बरं.

वाघनखं, कोहिनूर आणि आपली खास यादी

मराठी माणूस लंडनला येतो तेव्हा त्याची एक यादी असते आणि तिच्यात सर्वांत वर वाघनखं. ‘व्ही अँड ए’मध्ये जाऊन प्रत्येक दालनात वाघनखं शोधणाऱ्यांना सांगायला हवं की ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आहेत आणि पहिल्यांदा साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. (ती महाराजांनी वापरलेलीच आहेत हे सिद्ध करता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. यावर वाद घालायचा असेल तर घरी घाला, तिथल्या पहारेकऱ्याशी नको.) यातून शिकायची गोष्ट सोपी आहे: एखादी ठरावीक वस्तू बघायला जात असाल तर म्युझियमच्या संकेतस्थळावर तिचं नाव टाकून शोधा. वस्तू मांडलेली आहे की कोठारात आहे, कोणत्या खोलीत आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. हे दोन मिनिटांचं काम न केल्यामुळे माणसं अर्धा दिवस घालवतात.

कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे, राजमातेच्या (राणी एलिझाबेथ दुसरीच्या आईच्या) मुकुटात बसवलेला. तिथे फोटो काढायला मनाई आहे. सकाळी दार उघडताच आधी जवाहिरखान्याकडे जा, बाकीचा टॉवर नंतर. दुपारी तिथे रांग वाढते.

प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. जाण्याआधी त्या दिवशीची वेळ बघून घ्या, कारण हे शांत निवासी वस्तीतलं घर आहे. घोळक्याने घोषणा देत रस्त्यावर उभं राहणं शेजाऱ्यांना रुचत नाही. सावरकर राहत होते ते हायगेटमधलं ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू आणि लोकमान्य टिळकांचं मैडा व्हेलमधलं हाउली प्लेस इथे पाटी आहे, पण आत लोकांची खासगी घरं आहेत. पाटी वाचा, फोटो काढा, बेल दाबू नका. हो, दाबतात लोक.

लॉर्ड्स बघायचं तर सामन्याचं वेळापत्रक आधी उघडा. सामन्याच्या दिवशी मैदानाची फेरी नसते. आणि आदल्या दिवशी विचारलं तर ‘उद्या सामना आहे’ एवढंच ऐकू येतं. फेरी मिळाली तर ड्रेसिंग रूममधले सन्मानफलक बघा. तिथे दिलीप वेंगसरकरांचं नाव १९७९, १९८२ आणि १९८६ अशा तीन शतकांसाठी आहे.

गाड्या आणि कार्ड

इथे थोडक्यात, पण पैसे इथेच सर्वांत जास्त वाया जातात. लांबच्या गाडीचं तिकीट स्टेशनवर आयत्या वेळी काढू नका. स्वस्त ‘ॲडव्हान्स’ तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात. मात्र ती त्याच गाडीला चालतात. स्वतःच्या आळसाने गाडी चुकली तर तिकीट गेलं. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे पुढची चुकली तर पुढच्या गाडीत बसू देतात, आणि उशिराची भरपाई ‘डिले रीपे’ म्हणून मागता येते. आई-बाबा साठीच्या पुढचे असतील तर त्यांच्यासाठी सीनियर रेलकार्ड घ्या. ते पाहुण्यांनाही मिळतं, पासपोर्टवर वय दिसलं की झालं. भाड्यात एक तृतीयांश सूट, एका लांबच्या प्रवासात कार्डाचे पैसे बऱ्यापैकी सुटतात.

लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, २०१४ पासून. कार्ड टेकवायचं. आपलं भारतीय कार्ड दारात लाल दिवा दाखवत असेल तर कार्ड बिघडलेलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार परदेशातले आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार आपण स्वतः बँकेच्या ॲपमध्ये सुरू करावे लागतात. ते विमानात बसण्यापूर्वीच करा, कारण लंडनमध्ये भारतातल्या सिमवर ओटीपी येईलच असं नाही. ट्यूबमध्ये (लंडनच्या भुयारी रेल्वेत) आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे टेकवा, तेही त्याच कार्डाने. जाताना कार्ड आणि येताना फोन केलंत तर यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दोन्हीवर जास्तीत जास्त भाडं लागतं. असं झालंच तर लंडनच्या वाहतूक खात्याकडे परताव्यासाठी अर्ज करता येतो.

एका दिवसात तीन ठिकाणं

विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ हे शहर एका दिवसात दाखवणाऱ्या बसच्या सहली असतात. त्यात बसमध्ये जेवढा वेळ जातो तेवढा एकाही ठिकाणी मिळत नाही. बाथ एकटं करा, मुक्कामाने. तिथल्या रोमन बाथ्समधल्या (प्राचीन रोमन स्नानगृहातल्या) पाण्यात उतरता येत नाही, फक्त बघायचं. डुंबायची हौस असेल तर जवळच थर्मी नावाचं वेगळं स्नानगृह आहे. लंडन-एडिंबरा गाडीने साडेचार तास लागतात, म्हणजे जाऊन-येऊन एक दिवस असा बेत कागदावरच बरा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात उन्हाळ्यात मिज नावाची बारीक चिलटं असतात, पहाटे आणि संध्याकाळी वारा पडला की झुंडीने येतात. गावातल्या औषधाच्या दुकानात तिथल्या लोकांना विचारून फवारा घ्या.