‘हेमाडपंती’ लिहिण्याआधी

पुरातत्त्वाच्या एम.ए.ला नव्याने आलेल्या साताऱ्याकडच्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. पहिल्या वर्षी मी आमच्याच तालुक्यातल्या देवळांच्या नोंदी केल्या. उन्हाळाभर एसटीने फिरले आणि ‘शैली’च्या रकान्यात सरसकट ‘हेमाडपंती’ लिहीत गेले. गुरव तसंच सांगायचे, गावच्या फलकावरही तेच. सरांनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, “कशावरून?” मला उत्तर देता आलं नाही. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

चुन्याशिवाय काळे दगड रचून बांधलेल्या देवळांना ‘हेमाडपंती’ म्हणतात ते हेमाद्री ऊर्फ हेमाडपंतांच्या नावावरून. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे 13व्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982 चा. त्यात 78 मिळवा, इसवी सन 1060 येतं. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचं देऊळ! चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायची रीत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. तेव्हा नुसते काळे दगड बघून काळ ठरवू नका. ठरवूच नका. क्षेत्र माहुलीचं विश्वेश्वर मंदिर 18व्या शतकातलं, तरी त्यालाही लोक बिनदिक्कत हेमाडपंती म्हणतात. खाली जुनं दगडी जोतं आणि वर नंतरचं विटा-चुन्याचं शिखर, असंही खूप ठिकाणी सापडेल. अशा वेळी दोन काळ वेगळे लिहायचे. सांध्यात चुना आहे का, खांब कसे घडवलेत, द्वारशाखा (दाराच्या चौकटीच्या उभ्या कोरीव पट्ट्या) किती, ललाटबिंबावर (चौकटीच्या वर मधोमध) कोण, हे आधी टिपा. शैलीचा रकाना कोरा राहिला तरी चालतो, खरंच चालतो.

नेटवरून माहिती उतरवू नका, तिथे हीच चूक शंभरदा लिहिलेली आहे. मोजपट्टी न ठेवता काढलेले फोटोही माझ्या मते वायाच. आणि “कशावरून?” विचारणारे सर मिळाले तर त्यांना सोडू नका. गुरवांचंही ऐका, काळ चुकला तरी कुठला दगड कुठून हलवला, ते त्यांनाच ठाऊक असतं.

घाबरू नका, नजर बसायला दोन-तीन उन्हाळे जातात. सुरुवात सज्जनगडाच्या पायथ्याच्या परळीपासून करा. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड, बघायचे तर सकाळी लवकर. तिरप्या उन्हात झिजलेले कप्पे उठून दिसतात: खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. दहा वाजले की तोच दगड सपाट दिसायला लागतो.