साखरपुड्याची अंगठी घेताय? आधी हिऱ्याच्या पोटात बघा

गेल्या दिवाळीनंतर भाचा घरी आला तो मोबाइलमध्ये दोन हिऱ्यांचे फोटो घेऊनच. दोन्ही ४० सेंटचे (शंभर सेंट म्हणजे एक कॅरट), गोल, रंगाचा ग्रेड एकच. आतल्या स्वच्छतेचा ग्रेड मात्र वेगळा, एकाचा वरचा व्हीव्हीएस१, दुसऱ्याचा खालचा एसआय१. किमतीत फरक एवढा की साखरपुड्याच्या हॉलचं भाडं त्यात निघालं असतं. "मावशी, स्वस्तातला घेतला तर तिला डाग दिसेल का गं?" हा त्याचा प्रश्न.

मी १९९४ साली मुंबईत ऑपेरा हाउसच्या एका ऑफिसात हिरे असॉर्ट करायला, म्हणजे प्रतीप्रमाणे निवडायला लागले. २०१० मध्ये बाजार बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समध्ये हलला, त्याबरोबर आम्हीही. २०१९पर्यंत रोजचं काम तेच. पुडी उघडायची, पांढऱ्या कागदावर हिरे ओतायचे, चिमट्याने एकेक उचलून भिंगाखाली धरायचा आणि कुठल्या ढिगात टाकायचा ते ठरवायचं. भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण लग्न ठरलेली बरीच मुलं याच प्रश्नापाशी अडतात आणि दुकानातला माणूस त्यांना वरच्या ग्रेडकडे ढकलतो.

क्लॅरिटी म्हणजे हिरा आतून किती स्वच्छ आहे. जमिनीखाली दीडशे किलोमीटरहून जास्त खोल, प्रचंड दाबाखाली तो घडला, तेव्हा आत काहीबाही अडकलं, कुठे तडा गेला. जीआयए या अमेरिकन संस्थेने १९५३मध्ये त्याची जी पद्धत बसवली तीच आज जगभर चालते. भिंग दहापटीचं, पायऱ्या अकरा. वर एफएल आणि आयएफ, म्हणजे भिंगातूनही आत काही न दिसणारे, मग व्हीव्हीएस१-२, व्हीएस१-२, एसआय१-२ आणि शेवटी आय१, आय२, आय३. व्हीव्हीएसमधली खूण दहापट भिंगातून सरावलेल्या डोळ्यालाही मुश्किलीने सापडते. व्हीएसमधली शोधली की सापडते. एसआयमधली भिंग लावताच दिसते. आयमधली बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांनीच दिसते.

आता हे लक्षात घ्या की हे सगळं भिंगातून बघितल्यावरचं आहे. अंगठी घातलेला हात कोणी भिंगाने बघत नाही. गोल हिऱ्यात व्हीएस२पर्यंत डोळ्याला सहसा काही दिसत नाही, एसआय१मध्येही बरेचसे हिरे डोळ्याला स्वच्छ असतात. एसआय२मध्ये मात्र एकेक हिरा बघूनच ठरवावं लागतं. म्हणून मी कोणालाही व्हीव्हीएस घ्या म्हणत नाही. तो पैसा कटमध्ये, म्हणजे पैलू किती नेमके पाडलेत त्यात घाला. ४० सेंटचा हिरा जेमतेम पावणेपाच मिलिमीटरचा, त्याचं तेज कटवर ठरतं. वाईट कापलेला व्हीव्हीएस काचेसारखा मरगळलेला दिसतो, आणि चांगल्या कटचा एसआय१ ट्यूबलाइटखालीही खेळतो.

पण नुसता ग्रेड वाचून एसआय१ उचलू नका. एकाच ग्रेडचे दोन हिरे पोटातून अगदी वेगळे असतात.

एक असतो क्रिस्टल, म्हणजे हिऱ्यात अडकलेला दुसऱ्या खनिजाचा किंवा हिऱ्याचाच कण. पांढरा, पारदर्शक असेल तर साखरेच्या बारीक दाण्यासारखा दिसतो आणि काही बिघडवत नाही. काळा असेल तर मात्र डोळ्यात भरतो. लोक त्याला सरसकट कार्बन म्हणतात. फेदर म्हणजे आतला तडा, तिरका धरला की पिसासारखा चमकतो. पिनपॉइंट म्हणजे सुईच्या टोकाएवढा ठिपका, आणि असे असंख्य ठिपके एकत्र आले की क्लाउड. क्लाउड लहान असेल तर काळजी नको. पण तो हिराभर पसरलेला असेल तर डाग कुठेच दिसत नाही, सगळा हिराच ताकाच्या निवळीसारखा धुरकट वाटतो. असा हिरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

जागा तर त्याहून महत्त्वाची. हिऱ्याच्या वरच्या सपाट पैलूला टेबल म्हणतात. तिथे मधोमध काळा कण असला की संपलं. तो खाली तळाजवळ असेल तर आणखी वाईट, कारण खालचे पैलू आरशासारखे असतात. कण एकच, पण वरून बघताना सहा-आठ ठिपके गोल फेर धरून बसलेले दिसतात. मी नवीन होते तेव्हा असा एक हिरा 'फार डाग आहेत' म्हणून शेवटच्या ढिगात टाकला होता. आमच्या वरिष्ठांनी तो उलटा करून बाजूने दाखवला, आत एकच कण होता. तोच कण कडेला असता तर हिरा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नखाखाली झाकून गेला असता.

कडेच्या खुणांत एकच भीती आहे, ती फेदरची, आणि ती मी स्वतः भोगली आहे. १९९६ मध्ये धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला मी माझ्या साठवलेल्या पैशांतून २० सेंटचा चौकोनी प्रिन्सेस कट घेतला. डोळ्याला लख्ख होता. एका कोपऱ्यात बारीक फेदर होता आणि तो थेट बाहेरच्या कडेपर्यंत आलेला होता. मी तो पाहिला होता. कोपऱ्यावर सोन्याचं नख येईल, दिसणार नाही, एवढाच विचार केला. कारागिराने नख दाबलं आणि कोपरा उडाला. त्याची काही चूक नव्हती, दाब नेमका तिथेच येणार हे मला कळायला हवं होतं. साखरपुडा चार दिवसांवर, अंगठी तशीच बसवली, आणि तो मोडका कोपरा आजही बहिणीच्या बोटावर बघितला की मला वाईट वाटतं. भाचा तिचाच मुलगा. तेव्हा नीट ऐका. फेदर पूर्ण आत असेल आणि लहान असेल तर हरकत नाही. कडेपर्यंत पोचलेला असेल, त्यातून चौकोनी हिऱ्याच्या कोपऱ्यात किंवा पेअर, मार्कीज अशा टोकदार आकाराच्या टोकाला असेल, तर तो हिरा परत द्या.

आकारानेही फरक पडतो. गोल हिऱ्याला सत्तावन्न पैलू, चमक तुटक-तुटक पडते, त्यात बारीक खूण हरवून जाते. एमराल्ड कट या लांबट चौकोनी हिऱ्याचे पैलू पायऱ्यांसारखे लांब, आत बघणं म्हणजे स्वच्छ पाण्याच्या विहिरीत बघणं. तिथे एसआय नकोच, व्हीएस१च्या खाली मी उतरणार नाही.

बघायचं कसं, तर हिरा अंगठीत बसवायच्या आधी सुटा बघायला मागा. एकदा बसला की सोन्याचं घर निम्मं झाकतं. हिरा पुसून द्यायला सांगा, कारण बोटाचं तेल आणि धूळ भिंगातून डागांसारखीच दिसते. पुसल्यावर जी खूण हलली ती धूळ. भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरा, धरलेला हात गालाला टेकवा, दोन्ही कोपरं टेबलावर ठेवा आणि दुसरा डोळा मिटू नका, मिटला की दोन मिनिटांत थकायला होतं. हिरा भिंगापासून इंचभर अंतरावर आणा. आधी हिऱ्याच्या टेबलाचा, म्हणजे वरच्या पैलूचा पृष्ठभाग स्पष्ट करा, मग हिरा केसभर पुढे सरकवत नजर आत उतरवा. तो जरा-जरा फिरवत राहा. मग उलटा करून खालून बघा, बाजूने बघा. पहिल्यांदा नुसता लखलखाट दिसेल. घाई करू नका, पाच मिनिटांत डोळा बसतो.

त्यानंतर भिंग ठेवून द्या आणि हिरा घेऊन खिडकीशी किंवा दुकानाच्या दाराशी जा. दुकानाच्या छतावरच्या स्पॉटलाइटखाली कुठलाही हिरा नाचतो. थेट ऊन नको, साधा दिवसाचा उजेड हवा. हातभर अंतरावर धरून, सावकाश तिरका करत बघा. इथे काही दिसलं नाही तर घरीही दिसणार नाही.

सर्टिफिकेट जीआयए किंवा आयजीआयसारख्या स्वतंत्र लॅबचं हवं, दुकानाने स्वतः छापलेलं कार्ड म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. त्याचा नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकून पाहा. हिऱ्याच्या कडेवर लेझरने तोच नंबर कोरलेला असेल तर तोही भिंगातून दाखवायला सांगा. जीआयएच्या पूर्ण रिपोर्टवर हिऱ्याचा नकाशा असतो. लाल खुणा आतल्या, हिरव्या पृष्ठभागावरच्या. खाली खुणांची यादी असते, तिच्यात पहिलं नाव ज्या खुणेचं, तिनेच ग्रेड ठरवलेला असतो. पहिलं क्रिस्टल असेल तर मी निश्चिंत असते, फेदर असेल तर जागा शोधते. लहान हिऱ्यांना बऱ्याचदा पूर्ण रिपोर्टऐवजी छोटा डॉसिए रिपोर्ट मिळतो, त्यावर नकाशा नसतो, म्हणून तिथे भिंग आणखी गरजेचं. शेरेही वाचा. ग्रेड नकाशात न दाखवलेल्या क्लाउडवरून दिलाय, असं लिहिलेलं असेल तर तो हिरा खिडकीशी दुसऱ्या हिऱ्याशेजारी ठेवून धुरकटपणा तपासल्याशिवाय घेऊ नका.

तडे भरलेले हिरेही बाजारात येतात. फेदरमध्ये काचेसारखा पदार्थ भरला की तडा दिसेनासा होतो. तिरका धरल्यावर त्या जागी नारिंगी किंवा जांभळी-निळी झाक चमकून जाते. असे हिरे जीआयए ग्रेडच करत नाही. दुरुस्तीच्या वेळी आच लागली की भरलेलं बिघडतं.

लॅबमध्ये घडवलेल्या हिऱ्याचं गणित वेगळं. तिथे व्हीएस, व्हीव्हीएस सर्रास मिळतात, म्हणून त्या अक्षरांचे जास्त पैसे मोजू नका. जीआयएने तर २०२५पासून लॅब हिऱ्यांना हे ग्रेड देणंच थांबवलं आहे, त्यांच्यासाठी प्रीमियम आणि स्टँडर्ड एवढेच दोन वर्ग आहेत. अंगठीच्या बाजूला जे सेंटभराचे बारीक हिरे लावतात ते तर सव्वा मिलिमीटरच्या आसपासचे. तिथे व्हीएस-एसआय भरपूर झालं.

भाच्याने आणखी दोन दुकानांत सात हिरे पाहिले. शेवटी घेतला तो एसआय१च. पांढरा क्रिस्टल, टेबलाच्या बाहेर, कडेकडे सरकलेला, कडेला कुठेही फेदर नाही. कट एक्सलंट. मी त्याच्या होणाऱ्या बायकोला भिंगातून तो दाणा दाखवला. चार-पाच मिनिटं लागली, मग ती एकदम म्हणाली, "हां, हा बघा, तांदळाच्या कणीसारखा!" रिपोर्टवरच्या नकाशात तो कुठे आहे तेही तिने बोट ठेवून पाहिलं. अंगठी सैल झाली, नख झिजलं, पॉलिशला टाकायची वेळ आली, तर देताना आणि परत घेताना दोन्ही वेळा भिंग मागून ती कणी शोधायची, म्हणजे हिरा आपलाच आहे हे कळतं, असं मी तिला सांगून ठेवलं आहे.